सहा ब्लॉग आणि एक अर्जनवीस

हदगावच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली टेबल मांडून, मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत. नववीला दोनदा बसलो, पुढे सरकलो नाही. तथापि पदवीधर गुरुजी आपल्या बदलीचा अर्ज माझ्याकडून लिहवून घेतात आणि कचेरीतला अव्वल कारकून माझा मजकूर वाचताना पान खाणे थांबवतो, एवढे येथे नमूद करून ठेवतो. तेव्हा ब्लॉग नामक प्रकाराविषयी मी जे लिहीत आहे, ते अज्ञानातून लिहीत आहे असे कोणी समजू नये. मी सहा ब्लॉग स्वतः चालवले आहेत आणि पूर्ण अनुभवान्ती त्यांस क्षुद्र म्हणत आहे.

माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे, बारावी उत्तीर्ण. गतवर्षी तिने लातूरच्या एका संस्थेच्या ऑनलाइन पदविकेला प्रवेश घेतला. ती पदरात पडली तरच पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता, आणि वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी होती. मला वाटले, परीक्षा असेल, प्रश्नपत्रिका असेल, वर्गात उभा राहून कोणीतरी करड्या नजरेने पाहील. तसे काही नव्हते. निम्मे गुण ब्लॉगला होते. म्हणजे असे, की दर आठवड्याला विद्यार्थिनीने इंटरनेटवर आपल्या कामाची एक नोंद लिहायची. ती वर्गातल्या सर्व जणींनी वाचायची, खाली अभिप्राय टाकायचा, आणि लातूरच्या मॅडमनी घरबसल्या वाचून गुण द्यायचे. अभिप्रायही सक्तीचे, आठवड्याला दोन. परिणामी 'खूप छान ताई' या तीन शब्दांवर त्या वर्गाचे निम्मे शिक्षण उरकत होते. एका बाईने स्वतःच्याच नोंदीखाली 'खूप छान ताई' लिहिलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

पत्नीची पहिली नोंद मी मोबाइलवर वाचली ती अशी : 'आज एक लेकरू दाराची चौकट धरून रडून राहिलं होतं. त्याला आत ओढलं नाही. मीच दारात जाऊन बसले. मग ते माझ्या मांडीवरून आत गेलं.'

"हे काय आहे?" मी विचारले.

"ब्लॉग."

"याला विषय नाही, संदर्भ नाही, विनंती नाही. वाचणाऱ्याने करायचे काय?"

"वाचायचं. मॅडम म्हनल्या, जे झालं ते लिहा."

"जे झालं ते पोलीस पाटीलसुद्धा लिहितो."

"मंग त्यालाच द्या की तुमचं टेबल."

मी त्या उत्तराकडे दुर्लक्ष केले आणि नोंद नव्याने लिहून दिली. 'विषय : अंगणवाडीतील बालकाच्या रुदनाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, सदर बालक अत्यंत हृदयद्रावक रुदन करीत असता…' अशी ती दीड पान झाली.

"अहो, लेकरू रुदन करत नसतंय. रडतंय."

"घरी रडते. कागदावर रुदनच करते."

तिच्यामागे वजनाच्या नोंदी, आहाराच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या, आणि तेच सर्व पुन्हा मोबाइलमध्ये भरणे. ती थकून म्हणाली, "लिहा बाप्पा, तुमचंच खरं." त्या दिवसापासून तिचा ब्लॉग माझ्या हाती आला.

मजकुराची कीर्ती लपत नाही. तालुक्यातल्या तिच्या पाच मैत्रिणी त्याच वर्गात होत्या. एकेक करून त्या घरी येऊन बसू लागल्या. "भाऊजी, आमचंही तेवढं लिहून द्या की, तुमच्या हाताला वळण हाय." मी मोबदला घेतला नाही, घरच्या कामाचा घेत नसतो. प्रत्येकीला मी विचारी, "या आठवड्यात काय झाले?" ती सांगू लागे, आणि तिचे सांगून होण्याआधी माझी नोंद तयार असे. कारण आमच्या धंद्याचा कायदाच आहे : अर्जाचा साचा एक असतो, नाव, गाव आणि गट नंबर तेवढे बदलतात. फेरफाराचे हजार अर्ज मी एकाच साच्यात लिहिले, आणि एकाही साहेबाने ते एकसारखे आहेत म्हणून परत केले नाहीत. एकसारखे असतात म्हणूनच ते चालतात.

अभिप्रायही मीच देत होतो. कोळी गावच्या सेविकेच्या नोंदीखाली तामशाच्या सेविकेच्या नावाने, तामशाच्या खाली माझ्या पत्नीच्या नावाने. माझ्या लेखनाला इतके मार्मिक अभिप्राय पूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि ते सर्व यथार्थ होते.

मॅडमना मात्र ते रुचेना. पत्नीच्या नोंदीखाली त्यांनी लिहिले, 'ताई, भाषा भारदस्त आहे, पण यात तुम्ही कुठे दिसत नाही.' या एका ओळीला मी नऊ कलमांचे उत्तर दिले. अर्जदार अर्जात दिसत नसतो, तो अर्जाखाली सही करतो, हे मूलभूत तत्त्व त्या पदव्युत्तर बाईंना कोणी शिकवले नव्हते.

अकराव्या आठवड्यात निरोप आला. सहा अंगणवाड्यांतील सहा बालके एकाच प्रकारे हृदयद्रावक रुदन करतात आणि सहाही सेविका 'सबब' या शब्दाने शेवट करतात, हे मॅडमच्या ध्यानात आले होते. सहाही जणींचे गुण रोखले होते. सोमवारी लातूरला समक्ष येऊन खुलासा करावा, अन्यथा पदविका रद्द. पाच जणींनी ठरवले, आधी माझ्या पत्नीचे काय होते ते पाहू. पत्नीने निरोप दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

सोमवारी पहाटेची एसटी धरून आम्ही नांदेडमार्गे लातूरला गेलो. माझ्या पिशवीत एकोणीस मुद्द्यांचे निवेदन होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासचे फलक, फलकांवर गुणवंतांची मुंडकी. शिक्षण विकणारे ते गाव, तेथे मजकुराची कदर कितपत असणार याचा अंदाज मला रिक्षातच आला.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. "काका, बसा ना," म्हणाल्या. मी उभ्यानेच निवेदन पुढे केले. त्यांनी ते न उघडता बाजूला ठेवले आणि पत्नीला विचारले, "ताई, या नोंदी तुम्ही लिहिल्या?"

"न्हाई," ती म्हणाली.

एकोणीस मुद्दे एका शब्दात गेले. बावीस वर्षांत माझ्या एकाही पक्षकाराने माझ्यादेखत असा कबुलीजबाब दिला नव्हता.

"मग आता लिहा. इथेच, मोबाइलवर, एक तास. तुमच्या कामातलं काहीही. ते पाहून ठरवते. काका, तुम्ही तेवढं बाहेर थांबा."

बाहेर चहाच्या टपरीवर मी तास काढला. क्लासची पोरे मोबाइलवर धडा ऐकत वडापाव खात होती. हेही शिक्षणच म्हणे. पत्नी बाहेर आली तेव्हा मी विचारले, "काय लिहिलेस?"

"जे झालं ते."

"विषय टाकलास?"

"न्हाई."

"शेवटी विनंती?"

"कुनाला करू?"

अहमदपूरच्या स्थानकात बस थांबली असताना तिचा मोबाइल वाजला. नोंद मान्य झाली होती. राहिलेल्या नोंदी महिन्याभरात स्वतः लिहिल्या तर पदविका मिळेल, हीच सवलत इतर पाच जणींनाही. तिने डोळे पुसले आणि मोबाइल माझ्या हाती दिला. मी वाचले. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या प्रथम पाहिल्या. नंतर मजकूर.

'तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीच्या अंगणवाडीचा जादा पदभार माझ्याकडे होता. तिथली एक आई कापूस वेचायला भल्या सकाळी जायची. अंगणवाडी तासभर लवकर उघडावी, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने तहसीलपुढे अर्ज लिहून घेतला आणि अंगठा दिला. अर्जात निघालं की मी लेकराचा आहार देत नाही. माझी चौकशी झाली. ती आई साहेबापुढे रडून म्हणाली, मी असं म्हणलेच नाही. कागद मला दाखवला तेव्हा मी अक्षर ओळखलं. माझे यजमान अर्जनवीस आहेत. माणूस बोलून व्हायच्या आत ते लिहून मोकळे होतात. त्या दिवसापासून माझ्याकडे कोणतीही आई आली की ती गप्प होईस्तोवर मी पेन उचलत नाही.'

मोबाइल मी तिला परत दिला. आहार न मिळाल्याचा अर्ज हा आमच्याकडचा सर्वांत चालणारा साचा आहे. अंगणवाडी म्हटले की हात तोच लिहितो. सेविका कोण, हे विचारण्याची पद्धत नाही.

"मला सांगितले का नाहीस?"

"सांगत व्हते. तुमी लिहून राहिला व्हता."

आज तिची पदविका घरातल्या भिंतीवर आहे आणि पर्यवेक्षिकेच्या जागेचा अर्ज तिने स्वतः लिहून पाठवला आहे. आठ ओळींचा, भिकार. ब्लॉगविषयी माझे मत बदललेले नाही. शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, आणि घरातली गोष्ट लातूरपर्यंत जाते. 'माणूस बोलून व्हायच्या आत' हे वाक्य मी तिला काढायला सांगितले.

"त्याच्यावरच तर गुण भेटले," ती म्हणाली. "आता तुमाला काढायचंच असंल तर मॅडमला अर्ज द्या. लेखी."

अर्ज मी लिहायला घेतला आहे. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. पुढे, सदर महिलेने त्या दिवशी माझ्यापुढे प्रत्यक्षात काय सांगितले, तो मजकूर यायला हवा. त्याशिवाय ते वाक्य खोटे ठरत नाही. तेवढी जागा कोरी आहे. बाई समोरच्या स्टुलावर बसली होती, डोक्यावर पदर होता, कडेवर लेकरू होते, इतके मला स्पष्ट आठवते. ती काय म्हणाली, ते आठवत नाही.