सरजाबाईच्या खुंटीवरची गिटार

व्यंकटी हनमंते गिटार शिकला असं म्हणणं म्हणजे शिकण्यावर अन्याय आहे. त्याला कुणी शिकवलं नाही, त्यानं कुणाचं पाहिलं नाही, आणि पहिले काही महिने तर आपण जे वाजवतो त्याला गिटार म्हणतात हेही त्याला पक्कं ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात लोह्याजवळ रस्त्याचं काम निघालं होतं. व्यंकटीला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. सगळ्या गावाबरोबर तोही खडी फोडायला जायचा आणि दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची म्हणून कुरकुर करायचा नाही. कामावरचा सुपरवायझर डॅनियल हा सिकंदराबादचा. बदली होऊन निघताना तो तंबूत मान मोडलेली एक गिटार टाकून गेला. लाकूड चांगलं वाळलेलं, त्यामुळे बायाबापड्यांनी ती चुलीत घालायचं ठरवलं होतं. व्यंकटीनं ती ओढून घेतली. मानेला नटबोल्ट मारला, तुटलेल्या तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार उसवून लावली आणि मामाच्या गायनपार्टीतल्या पेटीशी कान लावून सूर जुळवत बसला. पेटीचा एक सूर उतरलेला होता. म्हणून गिटारीचाही उतरला, तो कायमचा. पुढं नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं ती कौतुकानं हातात घेतली, दोनदा छेडली आणि घाईघाईनं परत दिली.

मामाची पार्टी भीमजयंतीच्या मोसमात गावोगाव फिरायची. पेटी, ढोलकी, बेंजो, टाळ, आणि कोपऱ्यात व्यंकटी. इस्लापूरपासून औशापर्यंत लोक गाणी ऐकायला यायचे आणि हे कोपऱ्यातलं काय आहे ते बघायला थांबायचे. व्यंकटी लई खूश. तारा छेडायला त्यानं साबणाच्या फुटक्या डबीचा तुकडा घासून घेतला होता. त्या तुकड्याला पार्टीत सगळे नखी म्हणायचे.

औशाला एकदा सामना ठरला. म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा. औशाच्या पार्टीची गाणारी पंचशीला. तिनं कोपऱ्यातल्या व्यंकटीकडं एकदा पाहिलं आणि जागच्या जागी जुळवून सवाल टाकला:

"मान हाय लांब अन् पोटाला भोक,
आतमंदी काय हाय, सांगा की लोक?"

मामानं डोळ्यानं खूण केली, आता तूच वाजवून जवाब दे. व्यंकटीनं असा काही हात मारला की बोटातली नखी सुटली आणि नेमकी त्या भोकातून आत गेली. ढोलकी चालूच होती. व्यंकटीनं सगळ्या मांडवादेखत गिटार उलटी केली, डोक्यावर धरली आणि सूप पाखडावं तशी गदागदा हलवायला लागला. नखी आत खुळखुळत होती, बाहेर येत नव्हती. मांडव लोटपोट. पंचशीला गाणं विसरून हसत होती. आणि सगळ्यात पुढं, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती ती तिची आई सरजाबाई.

सामना मामा हरला. व्यंकटीला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याच्या मनात पंचशीला बसली होती. तिच्याही मनात तो बसला होता, पण ती ते सांगायला वर्षभर तयार नव्हती.

शेवटी सोयरीक घेऊन मंडळी औशाला गेली, त्या वर्षी लातूर जिल्हा झाला होता. उस्मानाबादचा अर्धा पसारा उचलून लातूरला येणार, नवी हापिसं निघणार, माणसं लागणार, असं जो तो सांगत होता. सरजाबाईनं चहा दिला, गिटारीकडं पाहिलं आणि सरळ बोलली.

"पोरगी देते. पोराला नावं ठेवण्यासारखं काई न्हाई. पण ही गिटार माज्या खुंटीला ऱ्हाईल. खुर्ची-टेबलाचं काम मिळालं की घिऊन जावा."

मामा म्हणाला, "अवो, कलाकार हाय त्यो."

"हाव, ठावं हाय मला कलाकार. माज्या मालकानं जलमभर ढोलकी वाजवली, अन् खडी मी फोडली."

मामानं कप खाली ठेवला. व्यंकटीनं स्वतःच्या हातानं गिटार खुंटीला टांगली. लेकरू परक्याच्या घरी ठेवून निघावं तसं त्याला झालं. रडू आलं होतं, पण नव्या जावयाला ते शोभत नाही म्हणून त्यानं खोकला काढला.

लातुरात खोली घेतली. पंचशीला बालवाडीत शिकवायला लागली. आणि व्यंकटीला काम मिळालं ते थेट जिल्ह्यानंच दिलेलं. गावातल्या प्रत्येक पाटीवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं. ते पुसून 'जि. लातूर' करायचं. व्यंकटीचं अक्षर वळणदार. पण उस्मानाबाद लांबलचक आणि लातूर आखूड, त्यामुळे प्रत्येक पाटीवर पुसलेली जागा उरायची. तिथं तो गुलाबाचं फूल काढायचा. पिठाची गिरणी, दवाखाना, सायकल मार्ट, जिथं तिथं गुलाब. नव्या जिल्ह्याला असं सजवून तो ऐटीत औशाला गेला. सरजाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काम बसून करता का हुबं ऱ्हाऊन?"

"शिडीवर, मामी."

"मग शिडी म्हंजी खुर्ची न्हवं," ती म्हणाली आणि त्याच्या डब्यात कारळाची चटणी भरायला लागली.

डब्याचं हे तिचं ठरलेलं होतं. औशाला गेलेला डबा कधी रिकामा परत आला नाही. बहात्तरमध्येसुद्धा शेजारणीची वाटी तिनं निदान चिमूटभर मीठ घालून परत केली होती, असं पंचशीला सांगायची. व्यंकटीला चटणी आवडायची, पण खुंटीकडं बघत बघत ती घेऊन निघणं जिवावर यायचं. त्याची बोटं स्वस्थ बसत नव्हती. तो उलथन्यावर सूर धरायचा, शिडीच्या पायरीवर ताल धरायचा. पंचशीलानं गाणंच बंद केलं होतं; साथीला कुणी नसताना मी का घसा कोरडा करू, म्हणायची. ते त्याला गिटारीपेक्षाही जास्त लागायचं.

अशीच पाटी रंगवताना त्याची गाठ मन्मथशी पडली. मन्मथचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. पाटीवरचा गुलाब वाळेपर्यंत व्यंकटी आत बसला, एका मशीनवर बोटं ठेवली आणि त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. दहाही बोटांना काम! तो रोज यायला लागला. मग शिकवायला लागला. पण टायपिंगच्या पोरांसमोर शिकवणाऱ्यानं उभं राहूनच फिरायचं असतं, त्यामुळे औशाहून निकाल तोच.

काही वर्षांनी मन्मथनं धाडस केलं आणि कॉम्प्युटर आणला. खोलीला पडदे लागले, दाराशी चपला निघाल्या, पंखा एकट्या मशीनकडं तोंड करून फिरायला लागला. मन्मथनं मोठ्या हौसेनं मशीन आणलं खरं, पण हात लावायला तो घाबरायचा. व्यंकटीला भीती माहीत नव्हती. हे दाबलं तर काय वाजतं, ते दाबलं तर काय वाजतं, या जुन्याच पद्धतीनं तो सुरू झाला. पुस्तक इंग्रजीत होतं. त्यातलं अर्धं कळायचं आणि उरलेलं तो मशीनलाच विचारायचा. मशीन चुकलं म्हणून सांगायचं, पण नांदेडच्या ऑर्केस्ट्रावाल्यासारखं तोंड वाकडं करायचं नाही. हे त्याला फार आवडलं. चार महिन्यांत तो क्लासचा मास्तर झाला, आणि मन्मथनं त्याला टेबल दिलं, खुर्ची दिली. खुर्चीला चाकं होती.

क्लासचं उद्घाटन दसऱ्याला ठरलं. सरजाबाई त्या दिवशी धम्मचक्राच्या कार्यक्रमाला लातूरला येणारच होती. तिथून येऊन ती खुर्ची बघणार, असा निरोप आला. व्यंकटीनं खुर्ची पुसली, परत पुसली, पंचशीलाला बसवून पाहिलं.

दसऱ्याला हत्यारं पुजायची, हे मन्मथच्या घरचं वळण. दुकानातला तराजू, शेतातलं औत, टायपिंगची मशीनं, सगळ्यांची पूजा झाली होती. मग त्याची आई नीलम्मा नव्या मशीनकडं वळली. नवा मेंबर म्हणून तिनं त्याला हळदकुंकू जरा जास्तच लावलं, झेंडूचा हार घातला आणि मूठभर अक्षता भक्तिभावानं टाकल्या. मशीनच्या तोंडाशी फ्लॉपी घालायची आडवी फट होती. अक्षता थेट तिथून आत गेल्या. फ्लॉपी आत सरकल्याशिवाय मशीन जागंच होत नसे. आता ती अर्ध्यावर अडायला लागली.

पालक जमायला लागले होते. कंपनीचा माणूस हैदराबादला, तोही सुट्टीवर. मन्मथचा चेहरा पांढराफटक. नीलम्मा विचारत होती, "नैवेद्य दाखवायचा राहिला म्हणून रुसलं का रे?"

व्यंकटीनं वायर काढली, फटीला कान लावला आणि मशीन थोडं कलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

"मालक, तिकडून धरा," तो मन्मथला म्हणाला.

दोघांनी ते धूड उचललं, तोंड खाली केलं आणि व्यंकटी गदागदा हलवायला लागला. हळदीचे तांदूळ टपटप पडले. झेंडूची पाकळी पडली. नेमक्या त्याच क्षणी पडदा बाजूला झाला आणि दारात पांढरं पातळ नेसलेली, अनवाणी सरजाबाई उभी राहिली.

तिनं जावयाला पाहिलं. तसाच गदागदा हलवत असलेला, तसाच घामेजलेला, तसाच सगळ्या लोकांदेखत. औशाचा मांडव तिच्या डोळ्यांपुढं आला असावा, कारण तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती मटकन खाली बसली. पालकांना वाटलं, बाईला चक्कर आली. बाई हसत होती.

मशीन चालू झालं. पडद्यावर अक्षरं उमटली, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. सरजाबाईनं शेवटी खुर्चीवर बसून पाहिलं. खुर्ची एकदम मागं सरकली.

"आगं माय! ही तर पळायली की!" ती टेबलाला धरून म्हणाली.

गिटारीचा विषय तिनं काढलाच नाही. पेढा खाल्ला, लेकीच्या गालावर हात फिरवला आणि औशाच्या गाडीला बसून गेली. व्यंकटीचा धीरच सुटला. चाकाची खुर्ची चालत नसेल, त्याला वाटलं. नाहीतर पुन्हा गदागदा हलवतानाच पाहिलं म्हणून तिला वाटलं असेल, हा काही सुधारत नाही. तो क्लासवर गेला, शिकवलं, आला. जेवला नाही.

आठवड्याभरानं सरजाबाई दारात हजर. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. अख्ख्या एसटीत तिनं ते मांडीवर घेऊन आणलं होतं आणि कंडक्टरला टपावर टाकू दिलं नव्हतं. तिनं लुगडं सोडलं. गिटारीवर धुळीचा कण नव्हता.

"घ्या, जावयबापू. तुमची जिन्नस."

व्यंकटीनं दोन्ही हात पँटला पुसले. त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि हात मारला. आवाज बसका आला, आणि आत काहीतरी सरकलं. त्यानं सरजाबाईकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग त्यानं गिटार उलटी करून डोक्यावर धरली आणि हलवली.

ज्वारी पडली. ओंजळभर, पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी, त्याच्या केसांत, मांडीवर, फरशीवर.

"रिकामी कशी दिऊ?" सरजाबाई खिडकीकडंच बघत म्हणाली. "माज्या घरून रिकामं काई परत जात न्हाई. अन् हिच्या पोटात तर एवढी जागा."

पंचशीला खाली बसून दाणे वेचायला लागली. वेचता वेचता तिच्या तोंडून औशाचा तो सवाल आपसूक निघाला, मान हाय लांब अन् पोटाला भोक. कित्येक वर्षांनी ती गात होती. व्यंकटीनं त्याच उतरलेल्या सुरावर साथ धरली. आतमंदी काय हाय, याचा जवाब द्यायची त्याला आता गरज नव्हती.

काही दाणे आतच राहिले. क्लासची पोरं सांगतात, मास्तरांची गिटार वाजवताना खुळखुळते. व्यंकटीनं ते दाणे कधी हलवून काढले नाहीत.