फेअर वहीचा हट्ट

भाचीच्या शाळेतून पत्र आलं, त्या दुपारी मी ते वाचलं आणि लगेच त्याच्याविरुद्ध लिहायला बसले. या दोन गोष्टींच्या मध्ये थोडं थांबायची मला तेव्हा सवय नव्हती.

पत्रात म्हटलं होतं की पहिली तिमाही संपेपर्यंत मुलीला गणितात किमान सी ग्रेड मिळाली नाही, तर तिला खालच्या वर्गाच्या गणिताला बसवावं लागेल, आणि 'ही शाळा तिच्यासाठी योग्य आहे का, याचा आपण सगळे मिळून विचार करू.' असल्या वाक्यांचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको. नागपूरला आमच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाई असंच बोलायच्या. सगळे मिळून विचार करू, म्हणजे आमचं ठरलंय, तुम्ही सामान आवरा.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. हॉस्टेलच्या नळाला पाणी नाही, काढा पत्रक. फी वाढली, काढा पत्रक. आमच्या संघटनेत नियम होता की पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी करायची आणि मधे कुठेही 'कदाचित' येऊ द्यायचं नाही. लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसावर मी मिनेसोटात ईडन प्रेरीला आले, तर इथे मला नोकरी करायलाच बंदी. चोवीस वर्षांची धडधाकट बाई, आणि सरकारी कागदावर 'अवलंबित'! त्यावरही मी पत्रक लिहिलं होतं. वाटायला कोणी नव्हतं, म्हणून फ्रिजवर लावलं. नवऱ्याने वाचलं, "मुद्दा बरोबर आहे" म्हणाला आणि दुधाचा कॅन आत ठेवून दार लावलं.

माझी मोठी बहीण आमच्या आधी सहा वर्षं तिथे होती. ती आणि भाऊजी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सहाच्या आत घरी येत नसत. आमच्या बिल्डिंगी समोरासमोर. त्यामुळे २००६च्या सप्टेंबरात भाची सहावीत गेली, तेव्हा दुपारी पावणेचारपासून सहापर्यंत ती माझ्या ताब्यात आली.

शाळा चार्टर होती. म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, पण अभ्यासक्रम आणि नियम स्वतःचे असणारी. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून प्रवेशाला चिठ्ठ्या काढत. भाचीची चिठ्ठी निघाली तेव्हा ताईने मिल्क पावडरचे पेढे करून अख्ख्या ऑफिसला खायला घातले. हायवेलगतच्या एका जुन्या ऑफिसात ही शाळा भरायची. मैदान नाही, सहावीपासून लॅटिन, रोज दोन तासांचा गृहपाठ. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या डोक्यात गेली.

भाचीला मात्र आवडायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "इथे मला कोणी नर्ड म्हणत नाही, मावशी. एव्हरीबडी इज अ नर्ड." जुन्या शाळेत पाचवीचं वर्षभर ती जेवणाच्या सुट्टीत एकटी लायब्ररीत बसायची. आता तीन मैत्रिणींबरोबर डबा खायची, आणि त्यातली एक तर रोज तिचं थालीपीठ पळवायची. पत्रातल्या त्या गोड वाक्याने शाळा जाणार म्हणजे या तिघी जाणार. मला मार्कांचं काही पडलं नव्हतं. या तिघींचं पडलं होतं.

आणि हे सगळं होत असताना मी तिला रोज दोन तास गणित शिकवत होते. ते कसं, तेही सांगायला हवं.

आमच्या घरी जूनमध्ये मागच्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढून, दाभणाने शिवून रफ वही बनायची. गणित आधी रफ वहीत. खाडाखोड, चुकलेले गुणाकार, घालायचा तो गोंधळ तिथे घालायचा. उत्तर पक्कं झालं की ते फेअर वहीत उतरवायचं, समास आखून, उत्तराखाली दोन रेघा मारून. बाई फेअर वही तपासायच्या. रफ वही कोणी बघत नसे, ती रद्दीत जायची. ताई अशीच शिकली, भाऊजी असेच शिकले, आमच्या ओळखीतले तमाम इंजिनियर असेच शिकले. याला दुसरा काही मार्ग असतो, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

तर मी ताईच्या ऑफिसातले एका बाजूने छापलेले कागद जमवून भाचीला रफ वही शिवून दिली.

"टू टाइम्स का लिहायचं?" ती म्हणाली.

"पाहुण्यांना दिवाणखाना दाखवतात, मोरी दाखवत नाहीत."

"सर पाहुणे आहेत?"

"लिही तू."

एकदा गणित होतं रंगाचं. तीन डबे निळा घेतला तर पाच डबे पांढरा घ्यायचा, एकूण चोवीस डबे हवेत, तर कुठला रंग किती? भाचीने रफ वहीत आठ चौकोन काढले, त्यातले तीन पेन्सिलीने काळे केले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मी म्हटलं, चित्रं काय काढतेस, बालवाडीत आहेस का? आणि तिला त्रैराशिक मांडून दिलं, आमच्या बाबांनी आम्हाला शिकवलं तसं. ते तिने फेअर वहीत उतरवलं. सुरेख दिसत होतं. दोनदा लिहिण्यात वेळ जायचा, म्हणून शेवटची दोन-तीन गणितं रोज राहायची. पण झालेली कशी लख्ख!

दहापैकी चार. दहापैकी पाच. पुन्हा चार. उत्तरं बरोबर, तरी चार. आणि प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईत एकच वाक्य. तुझा विचार कुठे आहे?

माझं डोकं फिरलं. मला ते स्वच्छ दिसलं. भारतीय पोरगी, नीटनेटकी वही, बरोबर उत्तरं, म्हणजे नक्कीच कोणाचं तरी उतरवलेलं असणार, असा संशय. त्यात हे पत्र. मी इंग्रजीत पानभर लिहिलं. पहिल्या ओळीत शाळा, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे 'असंख्य मुलांवर होणारा अन्याय'. ताईच्या प्रिंटरवर चाळीस प्रती काढल्या. पालक-शिक्षक भेटीच्या दिवशी पार्किंगमध्ये वाटणार होते.

ताई ऑफिसातून आली आणि प्रिंटरमध्ये राहिलेली एक्केचाळिसावी प्रत तिच्या हाती लागली.

"अगं, हे काय आहे? इथे मोर्चा काढणार आहेस?"

"फक्त पत्रक आहे."

"यार, माझी मुलगी तिथे रोज जाते. तू नाही जात."

"म्हणून गप्प बसायचं?"

"गप्प नको बसूस. माझ्याबरोबर चल, सरांसमोर बस आणि विचार. आधी तोंडाने. कागद नंतर."

गुरुवारी दुपारी आमची भेट ठरली होती, पंधरा मिनिटांची. मुलांनीही बरोबर यायचं, अशी तिथली रीत. मी, ताई आणि मधे भाची. पत्रकांचा गठ्ठा माझ्या पिशवीत. गणिताचे सर साठीच्या आसपासचे, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. बसल्या बसल्या मी सुरुवात केली. तुम्हाला काय म्हणायचंय, हिने कोणाचं उतरवलं? सरळ सांगा. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मधे एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळे माझी वाक्यं लवकर संपली.

मग त्यांनी भाचीची वही उघडून आमच्यासमोर ठेवली. "यात मला एकही चूक दिसत नाही," ते म्हणाले. "चूक दिसली नाही तर मी हिला शिकवू काय? ही कुठे अडते, कुठून परत फिरते, मला काहीच कळत नाही. मी रोज हेच विचारतोय."

म्हणजे ते हिरवं वाक्य टोमणा नव्हतं. खरोखरचा प्रश्न होता, आणि पाच आठवडे त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. भाची मात्र खाली वाकली, दप्तरातून शिवलेली रफ वही काढली आणि टेबलावर ठेवली. "इट्स इन हिअर," ती इतकंच म्हणाली.

सरांनी पानं उलटायला सुरुवात केली. एका बाजूला ताईच्या ऑफिसचे जुने तक्ते छापलेले, दुसऱ्या बाजूला भाचीची खाडाखोड. आठ चौकोनांच्या पानावर ते थांबले.

"हे तुझं?"

"हो."

"मग मला का नाही दिलंस?"

भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "मावशी म्हणाली, हे लहान मुलांचं असतं."

मावशी हा शब्द त्यांना कळला नाही, पण कोण ते कळलं. त्यांनी मला पेन्सिल देऊन विचारलं, या त्रैराशिकातली प्रत्येक पायरी का, ते सांगाल का? मी सांगू लागले. दुसऱ्या पायरीला अडले. मला करता येत होतं, सांगता येत नव्हतं. भाचीने पेन्सिलीच्या टोकाने आपले चौकोन दाखवले. चोवीस डबे आठ चौकोनांत, म्हणजे एका चौकोनात तीन. काळे चौकोन तीन, म्हणून निळा नऊ. उरला पंधरा पांढरा. अर्ध्या मिनिटात.

मी म्हटलं, ठीक आहे, मग मागचे मार्क बदला. सर म्हणाले, नाही. जे दिलं त्याचेच मार्क. सोमवारपासून रफ वही द्या. तिमाही संपायला पाच आठवडे होते. मला हे तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. पाच आठवडे एका वाक्याऐवजी एक फोन करता आला असता. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पत्रातल्या वाक्याबद्दलही सांगितलं की मुलीला काढून टाकायचं असेल तर काढून टाकणार म्हणा, विचार करू कशाला म्हणता? पत्रं ऑफिस पाठवतं, मी कळवतो, ते म्हणाले, आणि खरंच लिहून घेतलं. पुढच्या तिमाहीत शेजारच्या मुलाला पत्र आलं, त्यात तेच वाक्य होतं.

पार्किंगमध्ये पालक येत-जात होते. गठ्ठा पिशवीतच राहिला. ताई गाडी सुरू करताना म्हणाली, "मीही तिला दोन रेघा मार म्हणायचे गं."

सोमवारी फेअर वही बंद झाली. मला वाटलं होतं, आता सोपं. कुठलं सोपं! भाची चुकीच्या दिशेने निघाली की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. दोन दिवस तिने सोसलं. तिसऱ्या दिवशी माझा हात उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवला. "मावशी, हात इथे." सरांनी मला एकच प्रश्न विचारायची परवानगी दिली होती. तुला हे कसं कळलं? उत्तर बरोबर असो वा चूक, तेवढंच. मी पोहे निवडायला घ्यायचे, म्हणजे हात कामात राहायचे. कधी तिचं उत्तर चुकलेलं असायचं, ती ते मला ठामपणे समजावायला लागायची, आणि अर्ध्यात थांबून म्हणायची, "वेट." तो वेट ऐकला की मी पोह्यांकडे बघत बसायचे. वेळही उरू लागला. शेवटची गणितं होऊ लागली.

ताईच्या ऑफिसचे कागद संपले, तेव्हा घरात एका बाजूने कोरे कागद कुठे आहेत ते भाचीला बरोबर माहीत होतं. एक दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर ती माझं पत्रक छापील बाजूने वाचत बसलेली.

"असंख्य मुलं म्हणजे किती?"

मी ओले हात टॉवेलला पुसले.

"तुला हे कसं कळलं, मावशी?"

"एक," मी म्हटलं. "एकच मुलगी होती."

तिने हिरवं पेन घेतलं, 'असंख्य'ला गोल केला, शेजारी 'तुझा विचार कुठे आहे?' असं लिहिलं, आणि पान उलटून टक्केवारीचं गणित सुरू केलं. चाळीसच्या चाळीस कागद तिने असे संपवले.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तिमाहीची परीक्षा झाली. निकाल कळायचा होता त्या दुपारी बाहेर बर्फ साचलेलं आणि मी पावणेचारपासून खिडकीत. मागचे चार आणि पाच सगळे त्यात धरले जाणार होते. बेरीज मी आदल्या दिवशी तीन वेळा केली होती. तिन्ही वेळा ती सीच्या अलीकडे-पलीकडेच येत होती.

भाची आली. बूट काढले, टोपी काढली, दप्तर टाकलं. परीक्षेचा कागद माझ्या हातात देऊन सरळ फ्रिजकडे गेली. पहिलं पान जवळजवळ सगळं खोडलेलं. एक रीत धरलेली, सोडलेली, दुसरी धरलेली. खोडलेल्या भागाशेजारीही हिरवी टिक. वर तिमाहीचा शेरा होता, सी. नुसता सी. प्लस वगैरे काही नाही.

"आईला मी सांगणार. तू फोन नको करू," ती फ्रिजमधूनच म्हणाली.

"बरं."

"आणि उद्या थालीपीठं चार दे. ती मैत्रीण माझं अख्खं खाते."

मी भाजणीचा डबा काढला.