पावणेतीन किलोची तुमची आई

तुमच्या आईच्या जन्माची हकिगत तुम्ही फोनवर विचारलीत, पण ती तुकड्यातुकड्यांत सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही धुळ्यात राहत होतो आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तुमच्या आईच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नववा महिना सरत आला असताना पोटातली त्याची हालचाल थांबली. सव्वाचार किलोचं, गुबगुबीत गालांचं बाळ, पण ते रडलंच नाही. मी मुळातच लठ्ठ. त्यात माझ्या सासूबाई, ज्यांना सारी गल्ली अक्का म्हणे, "दोन जीव शेतस, पोटभर खाय" म्हणत शिरा पुढे करायच्या. माझं वाढतं वजन पाहून सगळ्यांना आनंदच होई. बाळ गेलं तेव्हा गल्लीनं ठरवलं, दृष्ट लागली.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी पहिल्या बाळाचं वजन विचारलं. मग ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. त्यांनी अक्कांना समोर बसवून समजावलं: लठ्ठ बाईला गरोदरपणात ही साखर होण्याचा धोका जास्त, ती आईच्या रक्तातून बाळाकडे जाते, बाळ फुगतं. दिसायला मोठं, पण धोक्यात.

अक्का मग म्हणाल्या, "म्हणजे नजर नही लागेल व्हती?"

"नाही."

"मंग काही तरी करता यी."

त्या दिवसापासून घरातला शिरा बंद झाला. ज्वारीची भाकरी, मेथी, वरण, ताक, सारं थोडं थोडं आणि वेळेवर. पुढे इन्सुलिन लागलं, तेव्हा मी स्वतःच टोचून घ्यायला शिकले. संध्याकाळी आम्ही दोघी चालायला निघायचो, नऊवारी सावरत अक्का पुढे आणि मी मागे.

खरी परीक्षा सातव्या महिन्यात झाली, डोहाळजेवणाला. या समारंभात दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते गरोदर बाईनं सगळ्यांसमोर खायचं. माझी नणंद रावेरहून केळीचा घड आणि पेढे घेऊन आली होती. मी वाटी उघडली. आत वांग्याचं भरीत होतं. दुसरी उघडली, तर ठेचा. बायका हसू लागल्या.

नणंद म्हणाली, "इंग्रजी शिकेल बाईले गोड बी चालत नही का?"

"नही चालत," अक्का म्हणाल्या. "मीच ठेवं भरीत. तुना पेढा बठ्ठ्यासले वाट, इले सोडीसन." म्हणजे मला सोडून सगळ्यांना.

नणंद रुसून न जेवताच निघाली. अक्कांनी तिला थांबवलं नाही. लेकीपेक्षा सुनेच्या पोटातलं बाळ मोठं मानणारी सासू मी तोवर पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या दिवसांपर्यंत वाट पाहिली नाही, औषध देऊन कळा आणवल्या. तुमची आई जन्मली ती पावणेतीन किलोची. नर्सनं तिच्या टाचेला टोचून साखर पाहिली, कारण अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, आणि लगेच तिला दूध प्यायला माझ्या छातीशी लावलं. तुम्हा मुलींना यातलं एकच सांगून ठेवते: दिवस राहिले की साखर तपासून घ्या, आणि तेव्हा वाढलेली निघाली तर नंतरही दर वर्षी, कारण ती पुढे कायमची मागे लागू शकते. मी अजून तपासते.

दुसऱ्या दिवशी शेजारीण दवाखान्यात आली, दुपटं बाजूला करून पाहिलं आणि हळहळली, "अक्का, नात बारीकच शे वं."

तुमची आई तेव्हा भुकेनं सारा वॉर्ड डोक्यावर घेत होती.

"बारीक शे ते शे," अक्का म्हणाल्या. "रडस कशी, ते ऐक."