आक्काचं पित्त

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, माझ्या मोठ्या बहिणीच्या आजाराला नाव मिळालं. तोवर ताप सुरू होऊन सात आठवडे झाले होते.

आक्का मुरगूडला असते. वय एकेचाळीस, घरी तीन म्हशी. रोज पाचनंतर थंडी वाजून ताप एकशे तीनच्या वर जायचा आणि रात्री घाम येऊन उतरायचा. सकाळी ताप नसायचा. मनगटं आणि गुडघे सुजलेले असायचे. टायफॉईड, डेंग्यू, टीबी, कशाच्याच तपासणीत काही निघालं नाही. पुढे मानेत गाठी लागल्या, सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली दिसली. तेव्हा डॉक्टरांनी मला आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की कॅन्सर नाही ना, हे बघावं लागेल. शुक्रवारी बोन मॅरोचा नमुना घेतला. रिपोर्टला पाच दिवस लागणार होते. तेवढे दिवस दोघं शिवाजी पेठेत माझ्याकडे राहिले. आक्काला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

सांध्यांसाठी म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली होती. सोमवारी सकाळी तिथे गेलो. मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो, त्यामुळे आजाराची तारीखवार हकिगत एका पानावर लिहून ठेवली होती. आधीच्या डॉक्टरांनाही तेच पान दाखवलं होतं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं.

"ॲसिडिटीचा त्रास रोज संध्याकाळीच होतो?"

"मला न्हाय ॲसिडिटी," आक्का म्हणाली.

"इथं लिहिलंय."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. "मी पित्त म्हटलं होतं की."

"पित्त म्हणजे जळजळ?"

"न्हाय ओ. अंगावर उठतंय ते. पोटावर, दंडावर, लाल-लाल."

तिनं मला फोनवर 'सांजच्याला पित्त उठतंय' असं सांगितलं होतं. मी त्याचं 'ॲसिडिटी' केलं. त्या पानावरून दोन डॉक्टरांनी जळजळीच्या गोळ्या दिल्या आणि तिनं त्या नेमानं घेतल्या. पुरळ उठते का, असं एकानं विचारलंही होतं. ती नाही म्हणाली होती. पुरळ वेगळी, पित्त वेगळं.

"खाजतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एवढं न्हाय. सासूबाई आमसुलाचं पाणी लावत्यात. तापासंगं येतंय, तापासंगं जातंय."

"आत्ता तर ताप नाही."

"सकाळचा नसतोय, तरीबी तापाची गोळी दिऊन आणलंय की," दाजी म्हणाले. "दवाखान्यात ताप घिऊन कसं यायचं, मॅडम?"

"घेऊनच यायचं. आता गोळी द्यायची नाही. पाच वाजता या."

पाच वाजून वीस मिनिटांनी आक्काला थंडी वाजू लागली. पावणेसहाला ताप एकशे तीन होता. डॉक्टरबाईंनी बाही वर केली. दंडावर फिकट गुलाबी डाग होते, तसेच पोटावर. त्यांनी फोटो घेतला, रक्तातल्या फेरिटिनचा भलताच वाढलेला आकडा पुन्हा पाहिला आणि फाईलवर 'स्टिल्स डिसीज' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. शरीराची प्रतिकारशक्ती जंतू नसतानाच भडकते, मोठ्या माणसांत हा आजार क्वचित दिसतो, असं त्यांनी सांगितलं. त्याची स्वतःची अशी एक तपासणी नाही. बाकीचं सगळं नाही हे ठरलं, की हे ठरतं. म्हणून मॅरोचा रिपोर्ट येईपर्यंत त्या यावरचं औषध, स्टिरॉईड, सुरू करणार नव्हत्या.

परतताना रिक्षात आक्का म्हणाली, "दुसऱ्याचं लिवलेलं दुरुस्त करायचा पगार घेतोस न्हवं? माझं फुकटात केलास."

बुधवारी दुपारी रिपोर्ट आला. मॅरोत कॅन्सर नव्हता. दाजींनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग आक्काजवळ बसून, इतके दिवस काय लपवलं होतं, ते सांगितलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं कधी तांब्या उचलला न्हाई, आणि पाच दिवस झालं मला पाणी आणून देताय."

दाजी हसले आणि बराच वेळ हसत राहिले. आक्कानं त्यांना चहा टाकायला सांगितलं. त्यांना साखरेचा डबा सापडला नाही.

प्रश्नचिन्ह खोडून डॉक्टरबाईंनी गुरुवारी सकाळी स्टिरॉईड सुरू केलं. त्या संध्याकाळी ताप शंभरपर्यंतच गेला. शनिवारी आम्ही पाचपासून थर्मामीटर घेऊन बसलो होतो. सात वाजता साडेअठ्ठ्याण्णव. आठ वाजता तेवढाच. आक्का जेवून झोपली.

पुढे स्टिरॉईड कमी करता यावं म्हणून दुसरी गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरबाईंनी दाजींकडून परत म्हणवून घेतलं. दाजींनी रविवार ठरवला. तिसऱ्या महिन्यात स्टिरॉईड कमी करताना गुडघा पुन्हा सुजला. डोस वाढवावा लागला आणि मग अधिक हळू उतरवला. दर महिन्याला रक्त तपासलं जात होतं.

गेल्या महिन्याच्या तपासणीत फेरिटिन नॉर्मल आलं. सांध्यांना सूज नव्हती. स्टिरॉईड बंद झालं. रविवारची गोळी चालू आहे.