तास शिल्लक होता

धायरीतल्या आमच्या शाळेत यंदा दहावीच्या गणिताच्या पेपरला माझं सुपरव्हिजन होतं. पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा हातात घेतला आणि त्याच्या खळीच्या वासाने मला थेट माझ्या खडकीच्या शाळेतल्या वर्गात नेऊन बसवलं.

तेव्हा मीही दहावीचा गणिताचाच पेपर देत होते. मागच्या बाकावर माझी मैत्रीण नंदा होती. ती सावकाश लिहायची, पण तिचं गणित सहसा चुकत नसे. माझा पेपर तासभर आधी संपला. पुन्हा तपासायचा कंटाळा होता, आणि सगळ्यांत आधी उठताना वर्गाने बघावं अशी हौसही होती.

"अजून तास आहे. एकदा नजर टाक," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

"गरज नाही," म्हणत मी पेपर देऊन बाहेर पडले.

दहाच मिनिटांत नंदाही बाहेर आली. बोटं शाईने माखलेली होती.

"झालं सगळं?" मी विचारलं.

"नाही गं. निम्म्याहून जास्त पेपर राहिला. तू उठलीस आणि मला पुढचं काही सुचेना."

नंदा चार गुणांनी नापास झाली. घरच्यांनी तिला पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही, वर्षभरात लग्न लावून दिलं. माझेही सोपे दहा गुण बेफिकिरीत गेले, पण मला पुढे शिकता आलं.

तिला तेव्हाच हाताला धरून आत नेलं असतं, तर बाईंनी पेपर परत दिला असता का, कोण जाणे. मी विचारलंच नाही. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभी राहून मी तिला पेपर किती सोपा होता, तेच सांगत राहिले.