गालाला कळणारी धूळ

सोलापुरात राहून धुळीशी वैर धरणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मूळचे केम गावचे, नोकरीपायी सोलापुरात आले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या लाकडाला रंग देण्याचा छंद लावून घेतला. रंग देण्याचा म्हणायचं एवढंच. डब्याचं झाकण उघडलेलं मी क्वचितच पाहिलं. त्यांचा जीव रंगाच्या आधीच्या कामात. पॉलिश पेपरने घासायचं, ब्रशने झाडायचं, ओलसर फडक्याने पुसायचं, मग जुन्या धोतराच्या तुकड्याने पुन्हा पुसायचं, आणि शेवटी डोळे मिटून लाकडाला गाल लावायचा. "हाताला कळत न्हाय पाव्हणं, गालाला कळतंय," असं म्हणून ते इतका वेळ टेकून राहत, की डुलकी लागली असावी असं वाटे. बहुधा लागतही असे.

हे चाललेलं असताना ऐन एप्रिलात पंखा बंद. मेहुणीला पीठ चाळायला परसात पिटाळलेलं. पाहुण्याला शिंक आली तर त्याने फाटकाबाहेर जाऊन शिंकायचं. समोरच्या गच्चीवर विणकरांच्या घरातली अक्का चादरी झटकायला आली, की हे व्हरांड्यातून हात जोडून म्हणत, "दुलपकंडी, अक्का." झटकू नका, एवढाच त्याचा अर्थ, आणि एवढंच त्यांचं तेलुगू. बाजारात भेटल्यावरही ते तिला तेच म्हणत, नमस्कारासारखं. तीही हसून मान डोलवी.

मला नात झाली तेव्हा मुलीने हट्ट धरला, की बारशाला तिचा स्वतःचाच जुना पाळणा हवा, पांढराशुभ्र रंगवलेला. साडू त्याच दिवशी पाळणा घेऊन गेले. पाचव्या दिवशी पाहिलं, पुसत होते. नवव्या दिवशीही पुसतच होते. अकराव्या दिवशी माझा तोल गेला. उद्या चार लोकांत मुलीला मान खाली घालायला लावणार का, असं मी बोलून गेलो. त्यांनी फडकं पिळून पुन्हा पुसायला घेतलं. माझं ते बोलणं मला अजून खुपतं.

बारशाच्या सकाळी पाळणा आला तो कोरा. रंगाचा एक थेंब नाही. मुलीचा चेहरा उतरला. साडू हळूच म्हणाले, "रंग ऱ्हायला, पोरी. पन हिच्या गालाला कुटंच टोचायचं न्हाय."

मुलगी वाकली, डोळे मिटून तिने पाळण्याच्या कडेला गाल टेकला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग कुणाला न विचारता तिने बाळाला त्यात निजवलं.

आता साडू नाहीत. पाळणा आमच्याकडे तसाच बिनरंगाचा आहे. मी तो पुसतो, गालही लावून बघतो, पण मला काही कळत नाही. परवा मेहुणीकडे व्हरांड्यात बसलो होतो. समोर अक्का चादर घेऊन गच्चीवर आली. तिने साडूंच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि चादर तशीच छातीशी धरून झटकायला मागच्या बाजूला घेऊन गेली.