बुकित बातोकची जपानी पंगत

आम्ही काही ठरवून किस्से जमवले नाहीत. ठरवली होती ती एकच गोष्ट: महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन घरांनी मिळून जपानी जेवायला जायचं. एक घर आमचं, म्हणजे मी, नितीन आणि आठ वर्षांची रिया. दुसरं हेमंत आणि विद्याचं, आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर. सिंगापूरला आलो तेव्हा आमच्यापैकी एकानेही सुशी तोंडात घातली नव्हती. आता महिना चुकला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं! सुट्टीत पुण्याला गेलं की लोक विचारतात, "तिकडे काय विशेष?" तेव्हा ऑफिसातलं काहीएक आठवत नाही. आठवतात ते हे जेवणाचेच प्रकार.

झणझणीत हिरव्या वसाबीला पुदिन्याची चटणी समजून खाल्ल्याचा किस्सा मात्र सांगत नाही. तो प्रत्येकाकडे असतो. आमच्याकडे दोन आहेत.

* * *

पहिल्या शनिवारी आमच्या बुकित बातोक स्टेशनजवळच्या मॉलमध्ये गेलो. टेबलावर ऑर्डरसाठी टॅब्लेट, बाजूला सरकता पट्टा. बटण दाबलं की डिश सुळकन समोर येऊन थांबते. रियाने टॅब्लेट घेतला आणि दोन मिनिटांत त्याची भाषा जपानी करून टाकली. परत इंग्रजी काही होईना.

"आण इकडे," हेमंत म्हणाला. "अठरा वर्षं आयटीत काढलीत मी!"

एका फोटोत छोट्या कपात पिवळं, थुलथुलीत काहीतरी होतं. "कस्टर्ड दिसतंय. शेवटी गोड हवंच," म्हणत त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणून पुन्हा दाबलं. मग जरा चिडून दाबलं.

थोड्या वेळाने पट्ट्यावरून कप यायला लागले. एक, दोन, पाच... अकरा कप! हेमंतने मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि त्याचा चेहराच बदलला. ते वाफवलेल्या अंड्याचं खारट प्रकरण होतं. तळाला कोळंबी!

"कसंय रे?" नितीनने विचारलं.

हेमंतने उरलेले दहा कप आमच्याकडे सरकवले. "गोड मानून घ्या."

* * *

विद्या पक्की शाकाहारी. काकडीचे रोल, मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि मिसो सूप, एवढंच तिचं जेवण. त्यातही सूपवर भारी जीव. "डाळीच्या पाण्यासारखं आहे बाई, पोटाला शांत वाटतं," असं म्हणत तीन वर्षं ती दर वेळी दोन दोन वाट्या प्यायची.

एका शनिवारी नवीन वेट्रेस होती. तिने विद्याची ऑर्डर नीट वाचली आणि काळजीने विचारलं, "यू व्हेजिटेरियन, आह? धिस सूप गॉट फिश, यू नो?"

सुकवलेल्या माशाच्या पाण्यात ते सूप करतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! विद्याने चमचा खाली ठेवला.

हेमंत तिची समजूत घालायला गेला. "अगं, मासा नाही, माशाचं नुसतं पाणी..."

"समुद्र म्हणजे तरी दुसरं काय असतं?" विद्या कडाडली. मग ती समोरच्या वाटीकडे बघत राहिली. वाटी अर्धी भरलेली होती. शेवटी अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली, "पाच मिनिटं थांबून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हिचं!"

* * *

नितीनने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की रामेन, म्हणजे सूपमधले जपानी नूडल्स, आवाज करत ओढायचे असतात. तीच म्हणे स्वयंपाक्याला दाद! चहाचा फुर्रकन आवाज केला म्हणून लहानपणी धपाटे खाल्लेला हा माणूस. त्याला चाळिशीत परवाना मिळाला!

पुढच्या शनिवारी त्याने सुरुवात केली. रिया लाजेने टेबलाखाली जायची बाकी होती. "पापा, स्टॉप लाह! सो एम्बॅरॅसिंग!" इथल्या मुलांसारखं 'लाह' लावून ती ओरडली.

शेजारच्या टेबलावर एक जपानी आजोबा बसले होते. ते बघताहेत म्हटल्यावर नितीनला आणखी चेव आला. शेवटी आजोबा उठून आमच्यापाशी आले आणि अदबीने वाकले. नितीन भरून पावला. "बघ, खऱ्या जाणकाराला कळतं," असा चेहरा करून त्याने माझ्याकडे पाहिलं.

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक्स्क्यूज मी... शॅल आय कॉल डॉक्टर?"

* * *

रियाला डब्यात सुशी हवी होती. सकाळी सहाला सुशी कोण करणार? मी पोळीत बटाट्याची पिवळी भाजी पसरली, घट्ट गुंडाळी केली, चकत्या कापल्या आणि वर काळे तीळ टाकले.

"धिस वन नॉट सुशी लाह, ममा."

"खाऊन तर बघ!"

डबा चाटूनपुसून रिकामा आला. मी खूश! मग कळलं की बाईसाहेबांनी तो युई नावाच्या जपानी मैत्रिणीला देऊन टाकला आणि तिची खरी सुशी स्वतः खाल्ली. असं आठवडाभर चाललं.

मग एक दिवस शाळेच्या गेटवर युईच्या आईने मला गाठलं. तीनदा वाकून म्हणाली की युई आता घरची सुशी खातच नाही, तिला "रिया-चान सुशी", म्हणजे लाडक्या रियाची सुशी, हवी असते. शिकवाल का? मी ऐटीत रविवारचं बोलावलं. येताना ती स्वतःचं लाटणं घेऊन आली.

मी लाटून दाखवलं. तिने शांतपणे बघून घेतलं आणि लाटायला बसली. आयुष्यातली पहिली पोळी. गोल गरगरीत! तव्यावर टाकली तर टम्म फुगली!

नितीन मागून म्हणाला, "यांनाच विचार ना, तुला शिकवतील का?"

* * *

माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना मासे चालतात. त्यांना घेऊन आम्ही काउंटरच्या सुशीला गेलो. तिथला शेफ फार गंभीर. पांढरी टोपी, हातात लखलखती सुरी. आम्ही त्याला जपानी समजत होतो, तो निघाला मलेशियातल्या इपोहचा.

त्याने भाताच्या मुटक्यावर सॅमन माशाचा गुलाबी तुकडा ठेवून अदबीने आईंसमोर धरला. आईंनी चष्मा वर करून पाहिलं. "भाऊ, कच्चा राहिलाय हा. मला घाई नाही. सावकाश शिजव."

नितीनने खाली मान घालून भाषांतर केलं. शेफ क्षणभर थिजला. मग त्याने गॅसची ज्योत फिरवून तुकडा भाजून दिला. आईंनी पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली आणि चिमूटभर वर टाकली.

"नो, आंटी! नो!"

"घे, तूपण खा," म्हणत आईंनी त्याच्या तळहातावर चिमूट ठेवली. त्याने चाखली. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो मोठ्याने ओरडला, "वाह, शिओक!" इथे याहून मोठी दाद नाही.

आता सांगलीहून पार्सल आलं की त्यात चटणीच्या दोन पुड्या असतात. आई फोनवर बजावतात, "मोठी पुडी त्याची. तुम्ही घरी शिजवून खाता. त्याला बिचाऱ्याला कच्चं खावं लागतं."

* * *

गेल्या वर्षी मात्र हसायचं सुचत नव्हतं. हेमंतच्या कंपनीचं एकच मोठं काम होतं, एका जपानी ग्राहकाचं. करार संपत आला होता. तो गेला की हेमंतची नोकरी जाणार, नोकरीबरोबर इथे राहायचा पास जाणार, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. विद्याने कपाटावरच्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या होत्या.

अशात तिकडचे मोठे साहेब सिंगापूरला आले आणि त्यांनी हेमंतला जेवायला बोलावलं. बूट बाहेर काढून चटईवर बसायची खोली होती. हेमंतने बूट काढले आणि त्याला घाम फुटला. उजव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर!

त्याने पटकन पाय दुमडून अंगाखाली घेतला. दीड तास तो त्या पायावर बसून होता. वाट्यांमागून वाट्या येत होत्या. पायाला आधी मुंग्या आल्या, मग कळ आली, मग पाय आहे की नाही तेच कळेना. साहेब जेमतेम चार वाक्यं बोलले. शेवटी "विचार करू" म्हणत उठले आणि वाकून त्यांनी निरोप घेतला.

हेमंतही उठला. म्हणजे डावा पाय उठला. उजवा जागेवरच राहिला, आणि हेमंत सरळ साहेबांच्या पायांपुढे पालथा! हात पुढे, कपाळ चटईला. साष्टांग नमस्कार!

संपलं सगळं, हेमंतच्या मनात आलं, आता बॅगा भरायच्या. उठावं म्हटलं तर पाय हलेना. तेवढ्यात समोर कपड्यांची सळसळ ऐकू आली. त्याने मान वर करून पाहिलं. पासष्टीचे साहेब गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचं कपाळही चटईला टेकलं होतं. त्यांच्या मागे त्यांचे दोन मॅनेजर, तसेच!

हेमंतला उठता येईना, आणि तो उठल्याशिवाय ते उठेनात. चहा घेऊन आलेल्या बाईंनी दार सरकवलं, आत पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि त्याही वाकल्या.

सोमवारी मेल आली. करार तीन वर्षांनी वाढवला होता. खाली साहेबांनी स्वतः एक ओळ लिहिली होती: "अशी नम्रता आता आमच्याकडेही राहिलेली नाही."

विद्याने मेल दोनदा वाचली. "हेमंत, तू नक्की काय केलंस तिथे?"

"काही नाही," हेमंत म्हणाला. "जेवलो."